सभासदाला त्याचेच कार्ड: वाचनालयासाठी खाती असलेले वेब अ‍ॅप्लिकेशन

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर कार्डांचे एक खोके असते. आपण नाव सांगितले की ग्रंथपाल त्यातून नेमके आपले कार्ड काढतात. त्यावर आपण नेलेली पुस्तके, परतीच्या तारखा आणि थकलेली वर्गणी लिहिलेली असते. खाती असलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनने एवढेच काम करायचे असते. लॉगिनचा फॉर्म हा त्यातला सोपा भाग आहे, कारण तो तयार मिळतो. प्रत्येक नोंद कोणाची आहे हे लक्षात ठेवणे आणि प्रत्येक वेळी ते तपासणे मात्र आपल्यालाच करावे लागते.

येथे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाठीचा तयार सांगाडा, गृहीत धरले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झालेले हे फ्रेमवर्क खाती, पासवर्ड, सेशन (लॉगिन केलेल्याची ओळख टिकवण्याची सोय) आणि अ‍ॅडमिनची पाने सोबत घेऊनच येते. डेटाबेस म्हणून सुरुवातीला एस्क्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) पुरते.

प्रकल्प सुरू केल्यावर पहिले मायग्रेशन (डेटाबेसमध्ये तक्ते घडवण्याचा किंवा बदलण्याचा टप्पा) चालवण्याआधी स्वतःचे यूजर मॉडेल (मॉडेल म्हणजे एका तक्त्याचे कोडमधले वर्णन) तयार करून ते सेटिंग्जमध्ये नोंदवावे, मग त्यात आज एकही जादा रकाना नसला तरी चालेल. पुढे सभासद क्रमांक किंवा अनामत रक्कम जोडायची वेळ आली की ते कामी येते, आणि आधी केले नसेल तर चालू डेटाबेसवर हा बदल करणे फार जिकिरीचे होते.

त्यानंतर तक्ते आखावेत. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असू शकतात आणि प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा असतो, म्हणून पुस्तक आणि प्रत ही दोन मॉडेल स्वतंत्र ठेवावीत. तिसरे मॉडेल देवघेवीचे: त्यात एक फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) सभासदाकडे, दुसरी प्रतीकडे, शिवाय नेल्याची, परतीची आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख. ‘मुदत उलटली’ असा रकाना ठेवू नये. ते पान दाखवताना आजच्या तारखेवरून काढावे. यासाठी सेटिंग्जमध्ये मूळचा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळ बदलून ‘एशिया/कोलकाता’ करावा, नाहीतर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत अ‍ॅप्लिकेशन कालचीच तारीख धरून बसते.

पासवर्ड जँगो जसाच्या तसा साठवत नाही. त्यात सॉल्ट (यादृच्छिक अक्षरे) मिसळून, पीबीकेडीएफ२ नावाच्या पद्धतीने हजारो वेळा हॅश करून, म्हणजे उलट न उलगडता येणाऱ्या रूपात बदलून, तो ठेवला जातो; त्यामुळे विसरलेला पासवर्ड ग्रंथपालही सांगू शकत नाहीत, फक्त नवा देता येतो. त्यासाठी ईमेलने लिंक पाठवण्याची सोय आहे, पण बऱ्याच ज्येष्ठ सभासदांना ईमेलपेक्षा टेबलाशी येऊन विचारणेच बरे वाटते, आणि अ‍ॅडमिनमधून ते काम तिथल्या तिथे होते.

लॉगिननंतर सर्व्हर ब्राउझरला एक कुकी (ओळखीची छोटी चिठ्ठी) देतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ती परत आल्यामुळेच माणूस ओळखला जातो. जँगोत ही ओळख मुळात दोन आठवडे टिकते. वाचनकक्षातला संगणक सगळेच वापरत असतील, तर ब्राउझर बंद होताच सेशन संपेल अशी सेटिंग ठेवावी.

आता सभासदाचे पान. व्ह्यूला (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडला) लॉगिनची अट लावावी, विनंतीतून सध्याचा यूजर घ्यावा, देवघेवीच्या नोंदी त्याच्यावर फिल्टर कराव्यात आणि त्या टेम्प्लेटला (पानाच्या साच्याला) द्याव्यात. टेम्प्लेट एकच राहते, पण मजकूर ज्याचा त्याचा दिसतो. एकही पुस्तक घरी नसलेल्या सभासदाला रिकामा तक्ता न दाखवता तसे वाक्य दाखवावे.

खरी चूक होते ती तपशिलाच्या पानावर. माझ्या पहिल्या प्रयत्नात त्या पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी देवघेवीचा क्रमांक होता. एका सभासदाने सहज ४१ च्या जागी ४२ लिहिले आणि शेजारच्या काकूंनी कोणती पुस्तके नेली आहेत ते त्याला दिसले. लॉगिनची अट होती, पण ‘लॉगिन केलेला’ म्हणजे ‘या नोंदीचा मालक’ नव्हे. म्हणून नोंद शोधताना क्रमांक आणि सभासद या दोन्ही अटी एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) घालाव्यात व जुळणी न झाल्यास ४०४, म्हणजे ‘असे पान सापडले नाही’, हे उत्तर द्यावे. ‘परवानगी नाही’ असे उत्तर दिले, तर त्या क्रमांकाची नोंद आहे एवढे तरी कळून जाते.

सर्व्हरवर चढवताना डीबग (चुकांचा आतला तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) बंद करावे आणि कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच, म्हणजे सांकेतिक रूपातल्या सुरक्षित जोडणीवरूनच, जाईल अशी व्यवस्था करावी. त्याआधी दोन खाती काढून एक नेहमीच्या खिडकीत आणि दुसरे खासगी खिडकीत उघडावे, आणि पहिल्यातला प्रत्येक पत्ता दुसऱ्यात चिकटवून पाहावा. तीच तपासणी टेस्ट (आपोआप चालणारा तपासणीचा कोड) म्हणून लिहूनही ठेवावी, कारण सहा महिन्यांनी मुदतवाढीचे बटण जोडताना मालकाची अट हमखास त्याच नव्या व्ह्यूमध्ये राहून जाते.