बाजार, टॅक्स, युनियन: हिशेबातल्या या चुका टाळा

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणजे तेरा लाख असतील तर एका लाखावरच भरायचा ना?’ ऑफिसांतून सर्रास मांडला जाणारा हा हिशेब साफ चुकीचा आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी करमुक्त टप्पा ४ लाखांचाच आहे. पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के असे दर चढत जातात. करपात्र उत्पन्न १२ लाख असेल तर ६०,००० रुपये कर बसतोच, फक्त तेवढीच सूट देऊन तो शून्यावर आणला जातो. उत्पन्न १३ लाख झालं की ती सूट संपते. कर ७५,००० आणि ४ टक्के सेस धरून ७८,००० रुपये भरावे लागतात. बारा लाखांच्या थोडंसंच वर गेलेल्यांना कायद्याने काही दिलासा दिला आहे, पण तेरा लाखांपर्यंत तो पोचत नाही. शिवाय शेअर विकून झालेल्या ज्या नफ्यावर वेगळा दर लागतो, त्या नफ्याच्या करावर ही सूट मिळत नाही. मार्चमध्ये धावपळ होते ती बहुतेक इथेच.

याच्या उलटी भीतीही असते: बोनस घेतला तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊ आणि सगळ्या पगारावर जास्त कर बसेल. तसं होत नाही. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो.

दुकानात एमआरपीवर वेगळा जीएसटी लावला तर देऊ नका. एमआरपीत सगळे कर आलेले असतात.

आता बाजार. ‘लासलगावला कांदा अमुक हजार’ अशी बातमी येते, तेव्हा तो भाव कमाल आहे की सरासरी, हे आधी बघा. कमाल भाव निवडक मालालाच मिळतो. सरासरी पाहिल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते कळत नाही. आणि ‘कांद्याचा हमीभाव’ म्हणू नका. केंद्र २२ पिकांना हमीभाव जाहीर करतं. त्यात सोयाबीन, कापूस, तूर आहेत, कांदा नाही. उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर) वेगळी: ती कारखान्याला कायद्यानेच द्यावी लागते, तीही १४ दिवसांत.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत म्हणजे युनियनची नोंदणी आणि मान्यता एकच समजणं. नोंदणीसाठी किमान ७ सभासदांचा अर्ज लागतो. पण मालकाशी करार करायचा अधिकार त्याने आपोआप मिळत नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. तरी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि तिने केलेला करार सगळ्यांना बांधील होता. म्हणूनच पगारवाढीइतकीच ही मान्यता काढून घेण्याची मागणीही संपात कळीची ठरली. गिरणगावातल्या घरांनी त्याची किंमत मोजली.

त्यामुळे युनियनच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी नोंदणी क्रमांकावर थांबू नका. कंपनीतला मागचा पगारवाढीचा करार कोणत्या युनियनच्या सहीने झाला, त्याची मुदत कधी संपते, हे विचारा आणि कराराची प्रत मागून वाचा.