स्टॉक फोटो कॉम्पोझिशनवरून नाकारला गेला, तर अभिप्राय कसा मागावा

स्टॉक फोटोग्राफीत, म्हणजे एजन्सीच्या वेबसाइटवरून विकायला फोटो काढण्याच्या कामात, नव्याने आलेल्यांना फोकस, नॉइज, ट्रेडमार्क ही रिजेक्शनची कारणं लवकर उमगतात. फोटो १०० टक्के झूम केला की चेहरा शार्प आहे की नाही ते दिसतं, सावलीतले रंगीत ठिपके दिसतात, कपावर राहून गेलेला लोगो दिसतो. ‘कॉम्पोझिशन’, म्हणजे फ्रेममधली मांडणी, हे कारण आलं की मात्र माणूस अडतो. साच्यातली एक ओळ येते, फ्रेममध्ये नेमकं काय खटकलं याचा त्यात पत्ता नसतो. एजन्सीसाठी फोटो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरसमोर फोटोंचा ढीग असतो, एकेकाला समजावत बसणं त्याला शक्य नाही. मग ते दुसऱ्या कुणाकडून तरी समजून घ्यावं लागतं. मी स्वतः फोटो विकते आणि नवीन मंडळींचे नाकारलेले फोटोही बघते. त्यातून माझं ठाम मत झालंय की मिळणारा अभिप्राय उपयोगी ठरेल की नाही, हे बरंचसं विचारणाऱ्यावर असतं.

‘कसा वाटला फोटो?’ असं विचारलं की ‘छान आहे’ असंच उत्तर येतं. म्हणून पहिल्यांदा काहीच न सांगता फोटो लहान आकारात, थंबनेलएवढा दाखवा. ग्राहक शोध घेतो तेव्हा त्याला असेच छोटे फोटो शेकड्याने दिसतात, त्यामुळे तुमचा फोटोही आधी तसाच बघितला जायला हवा. मग तीनच गोष्टी विचारा: पहिली नजर कुठे गेली, त्यानंतर कुठे गेली, आणि हा फोटो कशाबद्दल आहे? उत्तरं मिळेपर्यंत तुमच्या मनात काय होतं ते सांगू नका. एकदा सांगितलं की समोरचा तेच शोधू लागतो आणि त्याची पहिली, कोरी नजर तुम्ही गमावता.

त्यानंतर सगळं उघड करा. एजन्सीने दिलेलं कारण शब्दशः द्या, स्वतःच्या भाषेत गोषवारा करून नको. अपलोड केलेल्या फोटोसोबत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, क्रॉप न केलेली, म्हणजे कडा न कापलेली फ्रेम द्या. त्याच वेळी काढलेल्या दोन-चार वेगळ्या फ्रेम्स असतील तर त्याही द्या. आणि हा फोटो कोण, कशासाठी विकत घेईल असं तुम्हाला वाटतं ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य जमत नसेल तर तिथेच थांबून विचार करा, कारण बऱ्याचदा ‘कॉम्पोझिशन’ या नावाखाली खरी अडचण तीच असते. फ्रेमला विषय सापडलेला नसतो.

एका नवख्या मुलीने दाखवलेला फोटो सांगते. टेबलावर उघडी वही, तीवर पेन, बाजूला चष्मा, मागे खिडकी. प्रकाश मऊ, फोकस अचूक, रंग सुरेख. तिच्या मते हा ‘अभ्यास’ या विषयावरचा फोटो होता. थंबनेलमध्ये माझी नजर मात्र सरळ खिडकीच्या उभ्या पांढऱ्या पट्टीवर गेली, कारण फ्रेममधली सगळ्यात उजळ जागा तीच होती. तिथून नजर पेनावर आली, तर पेनाचं टोक उजव्या कडेकडे वळलेलं, म्हणजे ते बघणाऱ्याला फोटोबाहेर घेऊन जात होतं. चष्म्याची एक काडी डाव्या कडेला जेमतेम टेकली होती, ना धड आत ना धड कापलेली. आणि टेबलाची मागची कड नेमकी वहीच्या वरच्या कडेला चिकटून गेल्याने दोन्हींची मिळून एकच रेघ झाली होती.

यातल्या चष्म्याचा आणि पट्टीचा दोष कडेला होता, तो थोड्या क्रॉपने जाण्यासारखा होता. वही आणि टेबलाची चिकटलेली रेघ क्रॉपने सुटत नाही, तिथे कॅमेराच जरा वर घ्यावा लागतो. अभिप्राय ऐकताना हा फरक मनाशी पक्का ठेवा: दोष कडेला असेल तर क्रॉप, दोन गोष्टींच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असेल तर पुन्हा शूट. डोक्यामागून उगवलेला खांब, दोन माणसांचे एकमेकांत मिसळलेले खांदे, हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं. त्या मुलीने पुन्हा शूट करताना वही तिरकी ठेवली, पेन आत वळवलं, कॅमेरा उंच केला, आणि डावीकडचं टेबल रिकामं सोडलं.

ते रिकामं टेबल फार महत्त्वाचं आहे. स्टॉक फोटो हा दुसऱ्याच्या कामाचा कच्चा माल असतो. डिझायनर त्यावर मथळा टाकणार, वेबसाइटसाठी आडवा कापणार, मोबाइलसाठी उभा कापणार. म्हणून कॉपी स्पेस, म्हणजे मजकुरासाठी शांत मोकळी जागा, इथे कॉम्पोझिशनचाच भाग असते. प्रदर्शनासाठी घट्ट बांधलेली सुंदर फ्रेम इथे अडचणीची ठरू शकते. त्यामुळे फोटोग्राफर मित्रांइतकंच एखाद्या डिझायनरला विचारा, आणि मत मागण्याऐवजी ‘यावर एक मथळा बसवून दाखव’ असं सांगा. मथळ्याला जागा शोधताना त्याची जी ओढाताण होते ती बघून जे कळतं, ते कुठल्याही शेऱ्यातून कळत नाही.

क्रॉप करताना हिशेब मात्र करा. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या एजन्सी किमान ४ मेगापिक्सेलचा फोटो मागतात, अल्मीला सुमारे ६ लागतात. २४ मेगापिक्सेलच्या ६००० बाय ४००० फोटोतून ९:१६ उभा तुकडा काढला तर २२५० बाय ४००० उरतो, म्हणजे ९ मेगापिक्सेल, चिंता नाही. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोतून तोच तुकडा जेमतेम ५ वर येतो. त्याहून कापून नंतर सॉफ्टवेअरने फोटो फुगवला, तर कॉम्पोझिशन सुधारेल आणि पुढचं रिजेक्शन क्वालिटीवरून येईल.

सल्ल्यांपैकी सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘रूल ऑफ थर्ड्स वापर’, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून विषय मध्यभागी न ठेवता त्या रेषांवर ठेव. हा नियम १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ यांनी निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडला. नियम चांगलाच आहे, पण पांढऱ्या बॅकग्राउंडवरच्या एकट्या वस्तूला किंवा वरून काढलेल्या सममित फ्रेमला मध्यभागच शोभतो. असा शेरा आला की नम्रपणे पुढचा प्रश्न विचारा: सब्जेक्ट सरकवला तर मोकळ्या झालेल्या जागेत काय येईल? याचं उत्तर देणारा माणूस जपून ठेवा.

चार जणांना विचारलंत तर चार उपाय मिळतील, आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. उपायांकडे जरा दुर्लक्ष करून बोट कुठे ठेवलंय ते बघा. एकजण म्हणेल डावीकडून काप, दुसरी म्हणेल तिथे अंधार कर, तिसरा म्हणेल ती कुंडीच काढ. तिघांनाही खटकतेय ती डावी बाजूच. त्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवा, कारण शूटच्या वेळी तिथे काय शक्य होतं ते तुम्हालाच ठाऊक असतं. आणि ऐकताना खुलासे देऊ नका. ‘तिथे भिंत होती म्हणून मागे सरकता आलं नाही’ हे खरं असेल, पण विकत घेणाऱ्याला ती भिंत दिसत नाही.

फोटो पुन्हा पाठवायचा तर खरा बदल करूनच पाठवा. तोच फोटो नाव बदलून परत परत ढकलत राहणं चांगलं नाही, खात्यावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. नव्या शूटमधल्या सगळ्या फ्रेम्सही एकदम पाठवू नका, नाहीतर ‘सिमिलर’, म्हणजे एकसारख्या, म्हणून त्या परत येतात. एक आडवी, एक उभी, दोन्हींत मोकळी जागा वेगळ्या बाजूला, एवढं पुरतं. सगळी दुरुस्ती करूनही नकार आला आणि तुमचा करार एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच एजन्सीला बांधलेला, नसेल, तर तो फोटो दुसऱ्या एजन्सीकडे पाठवून बघा. एकीकडे नाकारलेला फोटो दुसरीकडे स्वीकारला जाणं या कामात नेहमीचंच आहे.