‘मान’ एक की दोन? भाषा शिकवणाऱ्या ॲपसाठी ग्राफ डेटाबेस वापरताना या चुका टाळा

ती मान अवघडते, तो मान मिळतो. एकीचं सामान्यरूप ‘माने-’, दुसऱ्याचं ‘माना-’. म्हणून हिसका बसतो तो मानेला आणि धक्का लागतो तो मानाला. मराठी शिकवणाऱ्या एका ॲपचा शब्दसंग्रह निओफोरजे या ग्राफ डेटाबेसवर (इथे माहिती नोड म्हणजे बिंदू, आणि त्यांना जोडणारी नाती अशी साठवतात) उभा करताना मी या दोघांसाठी एकच नोड केला होता. पुढच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तिथेच निघालं.

दुखणं दिसतं ते असं. विद्यार्थ्याने गळ्यावरच्या मानेचं कार्ड बरोबर ओळखलं की त्याला ‘मानाचं पान’सुद्धा येतं असं ॲप धरून चालतं. ‘वेळ’चंही तेच. ‘वेळ झाली’ म्हणतो तेव्हा ती स्त्रीलिंगी, ‘वेळ लागला’ म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी, आणि ‘वेळेत ये’ व ‘थोड्या वेळात ये’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. एका नोडवर लिंगाची दोन मूल्यं दिसली, तर तिथे दोन शब्द एकमेकांत अडकलेत असं समजा. अशा नोडांची यादी काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दर आयातीनंतर चालवाच. यादीत खरोखर दोन लिंगांत चालणारे काही शब्दही येतील. ते हाताने बाजूला काढावे लागतात.

उपाय म्हणजे तीन थर वेगळे ठेवणं: कागदावर दिसणारं रूप, लिंग आणि सामान्यरूप सांभाळणारा शब्द, आणि अर्थ. आयआयटी मुंबईत घडलेलं मराठी वर्डनेटही अर्थाला केंद्र मानतं. एका अर्थाचे पर्यायी शब्द तिथे एका गटात असतात, आणि अनेक अर्थांचा शब्द अनेक गटांत दिसतो. विद्यार्थ्याची प्रगती या शब्द-अर्थाच्या जोडीला बांधा, दिसणाऱ्या रूपाला नको.

याच्या उलट टोकाची चूकही होते, ती म्हणजे प्रत्येक रूपाला नोड. घराला, घराने, घरातून, घरापासून, घरांसाठी… एका नामाची अशी डझनांनी रूपं होतात आणि ग्राफ फुगतो. ‘घरा-’ आणि ‘घरां-’ एवढंच साठवा, प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं कोडमध्ये जोडा. ‘घरी’सारखं नियमाबाहेरचं रूप मात्र स्वतंत्र नोड म्हणून ठेवावं, कारण ते शिकणाऱ्याला वेगळंच पाठ करावं लागतं.

दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

या चुकीबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत ती सापडणार नाही.

‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत ‘ऱ’ आणि हलन्त येतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण डेटाबेसला त्या वेगळ्या अक्षरमाळा वाटतात. परिणामी ‘दऱ्या’चे दोन नोड तयार होतात, आणि विद्यार्थ्याने अचूक टाइप केलेलं उत्तर चूक ठरतं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या लिखाणांना एक रूप देणारी पद्धत) इथे पुरत नाही, कारण ते या दोन रीतींना एक मानत नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेलं अक्षर यांचीही तीच गत.

मग कोणीतरी घाईने सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकतं आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो. डोंगरातला शब्द समुद्रात गेला! ‘आचाऱ्यांना वाढायला सांगा’ हे वाक्य ‘आचार्यांना वाढायला सांगा’ होऊन बसतं. म्हणून क्रम पाळा: आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीचं ‘ऱ’ आणि हलन्त करा, मग एनएफसी, आणि उरलेले जॉइनर त्यानंतरच काढा. ही साफ केलेली माळ फक्त शोधाची किल्ली म्हणून वापरा, दाखवायचा मजकूर लेखकाने लिहिला तसाच राहू द्या. आयात आणि उत्तरतपासणी दोन्हीकडे हेच एक फंक्शन हवं. दोन ठिकाणी दोन लिहिली की ती कधी ना कधी वेगळी वागतात.

मर्ज करूनही दुहेरी नोड

‘मर्ज वापरलं तरी डुप्लिकेट कसे?’ हा प्रश्न नेहमी येतो. मर्ज म्हणजे निओफोरजेच्या सायफर या क्वेरीभाषेतली ‘असेल तर शोध, नसेल तर बनव’ अशी आज्ञा. ती तुम्ही दिलेला संपूर्ण नमुना जुळतो का ते पाहते. किल्लीबरोबर उदाहरणवाक्य आणि पातळीही कंसात भरली आणि त्यातलं एकही मूल्य बदललेलं असलं, तर नवा नोड तयार होतो. मर्जमध्ये फक्त किल्ली द्या, बाकीचं ‘ऑन क्रिएट सेट’मध्ये, म्हणजे नोड नव्याने बनतानाच लागू होणाऱ्या भागात. दोन शब्दांमधलं नातं जोडतानाही आधी दोन्ही नोड शोधून घ्या, मगच नात्यावर मर्ज करा.

शिवाय किल्लीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एका किल्लीचा एकच नोड असू देणारा नियम, हवाच. तो नसेल तर एकाच वेळी चालणारे दोन व्यवहार (ट्रान्झॅक्शन) तोच शब्द दोनदा घालू शकतात. डुप्लिकेट आधीच असतील तर कन्स्ट्रेंट लागणारच नाही. आधी किल्लीनुसार मोजणी करून जोड्या काढा, त्यांची नाती एका नोडकडे वळवा, उरलेला नोड पुसा. या कन्स्ट्रेंटबरोबर इंडेक्सही, म्हणजे झटपट शोधासाठीची सूचीही मिळते. क्वेरी संथ वाटली तर प्रोफाइल (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहा: सुरुवातीलाच सगळे नोड चाळले जात असतील तर लेबल (नोडच्या प्रकाराचं नाव) द्यायचं राहिलंय, किंवा त्या गुणधर्मावर इंडेक्स नाही.

‘चमचा’च्या शेजारी ‘पाऊस’

‘जवळचे शब्द सुचवा’ म्हटल्यावर चमच्यासाठी पाऊस आला, तर ‘पुल्लिंग’ नावाचा नोड शोधा. हजारो शब्द त्याला जोडलेले असतात, त्यामुळे कोणतेही दोन पुल्लिंगी शब्द दोन पावलांवर येतात. क्वेरीही तिथेच दम टाकते. लिंग, शब्दजाती, पातळी यांना गुणधर्म किंवा लेबल करा. आणि प्रवासाला नात्याचा प्रकार व पावलांची मर्यादा द्या. ‘कितीही पावलं’ अशी मोकळी क्वेरी चालू ॲपमध्ये नको.

सुचवण्या सुधारल्यावर मोह होतो तो शेजारचे शब्द एकाच धड्यात कोंबण्याचा, म्हणजे सगळे रंग किंवा सगळी फळं एका बैठकीत. टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकणं अधिक जड गेल्याचं दिसलं. ते एकमेकांत मिसळतात. म्हणून अर्थाच्या जवळिकीचं नातं उजळणीसाठी वापरा, नवे शब्द निवडताना तेच नातं ‘हे दोन एकत्र नकोत’ असं सांगायला वापरा. माझ्या मते ग्राफचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे, आणि तो फार कमी जण करतात.

धड्यांचा क्रम लावताना ‘आधी हे शिका’ या नात्यांचं वर्तुळ होऊ देऊ नका. सामान्यरूपाआधी लिंग, लिंगाआधी विशेषणाची उदाहरणं, आणि त्या उदाहरणांतच सामान्यरूप… मग तिन्ही धडे कायमचे कुलूपबंद! एरर कुठेच येत नाही, विद्यार्थी मात्र अडकून बसतो. नोडपासून निघून त्याच नोडवर परतणारी वाट शोधणारी क्वेरी प्रकाशनाआधी चालवा.

शेवटची चूक उजळणीच्या नोंदींची. प्रत्येक उत्तरासाठी नवं नातं जोडलं, तर १० हजार विद्यार्थी रोज ४० शब्द पाहतात असं धरून दिवसाला ४ लाख आणि वर्षाला १४ कोटी ६० लाख नाती होतात. विद्यार्थी आणि शब्द-अर्थ यांच्यात एकच नातं ठेवा, त्यावर पुढच्या उजळणीची तारीख आणि आतापर्यंतचं अंतर. संपूर्ण इतिहास पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसमधल्या साध्या टेबलात जाऊ द्या. तुमचा शब्दसंग्रह दोन-तीन हजारांचा असेल आणि नाती एका पावलापलीकडे जात नसतील, तर सगळंच पोस्टग्रेसमध्ये ठेवा. तिथे रिकर्सिव्ह (पावलामागून पाऊल पुढे जाणाऱ्या) क्वेरी आहेतच, आणि एक सर्व्हर कमी सांभाळावा लागेल.