गोव्यात माघातली पेरणी कशी करावी: मुंग्या, मोर आणि पहिले सहा दिवस

'वसंत आला, पेरणीला लागा' असे व्हिडिओ मार्च उजाडला की फोनवर येऊ लागतात. ते थंडीतून उठलेल्या उत्तरेकडच्या बागांसाठी असतात. आमच्या डिचोलीकडे शिगम्याचे ढोल वाजेपर्यंत अंगणातला चिरा अनवाणी पायाला चटका देतो आणि विहिरीतली कळशी दोन हात जास्त दोर मागते. तेव्हा पेरलेली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, रुजते खरी, पण पाण्याचा ताण बसला की पानं भरण्याआधीच तुरा काढून मोकळी होते. मकरसंक्रांत उलटली की हात मातीत घालावेत आणि महाशिवरात्रीपर्यंत पेरणी आटपावी. त्यानंतरची पेरणी करायची तर पाण्याची खात्री असेल तरच.

वाफा खणणं, कुजलेलं शेणखत मिसळणं, खडे वेचणं हे तुम्हांला येतं असं धरून चालते. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका, मधल्या रोपांपर्यंत हात पोचायला हवा. तयारीतली एकच गोष्ट बजावून सांगते: पाचोळा जाळू नका. माघात अंगण झाडून आंब्या-फणसाची पानं पेटवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. वाळलेल्या दिवसांत ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा सत्तरीतला डोंगर रात्री कसा दिसत होता, ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय त्याच पाचोळ्यात बेडूक आणि सापसुरळ्या राहतात, आणि पुढे तुमच्या वाफ्यातले किडे तेच खातात. ढीग घराच्या भिंतीपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात करावा. तिथे विंचवालाही जागा मिळते, म्हणून त्या ढिगात उघडा हात घालायचा नाही.

परसात रोयण, म्हणजे वारूळ, असेल तर ती फोडू नये. ज्यांच्या गावात सातेरीचं, वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचं, देऊळ आहे त्यांना कारण ठाऊक आहे. इतरांसाठी एवढंच, की वारूळ फोडून वाळवी जात नाही.

काय पेरावं? तांबडी भाजी, मुळा, भेंडी, काकडी, दोडका, वाली. भेंडी मिळाली तर सात शिरांचीच घ्यावी. बी रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टोचलं की काम झालं. काकडी-दोडक्याला प्रत्येक आळ्यात तीन बिया घालून पुढे एकच वेल ठेवावा. मुळा आपोआप येतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता तांबडी भाजी. सगळे म्हणतात सर्वांत सोपी, नुसतं बी फेकलं की येते. मला ती तीन वेळा आली नाही.

लग्न होऊन या घरी आले त्या वर्षीची गोष्ट. बी फेकलं, झारीनं पाणी घातलं, सहा दिवसांनी वाफ्यात हरळीखेरीज काही नव्हतं. दुकानदाराला नावं ठेवून दुसरं बी आणलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बी टाकलं आणि चहाचा कप घेऊन तिथंच पायरीवर बसले. वीस मिनिटांत वाफ्याच्या एका कडेला काळा दोरा हलताना दिसला. वाकून पाहिलं तर प्रत्येक मुंगीच्या तोंडात एकेक चकचकीत काळा दाणा, मोहरीच्या पाव आकाराचा, आणि रांग थेट तुळशीवृंदावनाच्या भेगेत शिरत होती. माझी भाजी तुळशीच्या पायथ्याशी साठवली जात होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुयांक पयलीं जेवूंक दी, मागीर बी घाल." मुंग्यांना आधी जेवू दे, मग बी घाल.

म्हणजे काय ते त्यांनीच दाखवलं. पेरणीच्या अर्धा तास आधी मूठभर तांदळाची कणी मुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी टाकायची. बिळाशी, वाफ्याच्या कडेला नव्हे. हल्ली जो तो सांगतो की वाफ्याभोवती रवा भुरभुरवा. तसं केलं म्हणजे ज्यांना वाफ्याचा पत्ता नव्हता त्यांनाही आमंत्रण गेलं. कणी बिळाजवळ पडली की मुंग्या तिथेच गुंततात, आणि सगळी आत नेईपर्यंत तुमचं बी मातीत ओलं होऊन बसलेलं असतं. मुंग्यांची पावडर आणि विषारी खडू मात्र वाफ्याजवळ आणायचाच नाही. मुंग्या मरतील, पण त्या मुंग्या पाल खाते, दयाळ खातो, शेजारची कोंबडी खाते.

मग बी. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्याला चहाचा अर्धा चमचा बी पुरतं. एवढंसं बी हातानं सारखं पसरत नाही, एकीकडे दाट पडतं आणि दुसरीकडे टक्कल राहतं. म्हणून चुलीतल्या लाकडाची गार राख चाळून दोन मुठी, बारीक रेती दोन मुठी आणि बी असं एकत्र कालवायचं. रेतीच्या रंगामुळे कुठं पडलं, कुठं राहिलं ते दिसतं. राखेचा दुसरा फायदा असा, की आपली जांभ्याची माती आंबट असते, तिला थोडी राख मानवते. थोडीच. दर वाफ्याला घमेलंभर राख ओतणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांची भाजीही पाहिली आहे. पेरणी संध्याकाळी करावी, म्हणजे बियाला पहिली रात्र गारव्यात मिळते. वरून माती लोटायची नाही. तळहातानं हलकेच दाबायचं, बस्स.

पुढचं संकट पाण्याचं. पाइपनं धार सोडली की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. झारीचं पाणी बारीक पडत नसेल तर करवंटीला खिळ्यानं आठ-दहा भोकं पाडून तिच्यातून शिंपडावं. आणि जांभ्याची माती माघाच्या उन्हात एका दुपारीत वरून पापडासारखी कडक होते. आत कोंब फुटलेला असतो, पण त्याला पापडी फोडता येत नाही. यावर एकच उपाय मला लागू पडला: जुना गोणपाट.

पोतं उसवून एकेरी करायचं, पाण्यात बुचकळून पिळायचं आणि वाफ्यावर सपाट अंथरायचं. कडांना दगड. पाणी पोत्यावरच घालायचं, सकाळ-संध्याकाळ. बी हलत नाही, माती तापत नाही, कवड्यांना आणि मुनियांना दाणा दिसत नाही. प्लॅस्टिकचं खताचं पोतं वापरू नका, खाली बी शिजतं.

पोतं काढायचं कधी, यात मी दुसऱ्यांदा फसले. हिरवं दिसल्यावर काढू म्हणून थांबले. पाचव्या दिवशी कोंब तागाच्या विणीतून वर आले होते. पोतं उचललं तेव्हा अर्धी रोपं त्याच्याबरोबर मुळासकट वर आली, उरलेली पिवळी लांबुडकी पडून राहिली. तेव्हा नीट ऐका. तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोत्याचा एक कोपरा काठीनं वर करून पाहायचा, काठीनंच, कारण ओल्या पोत्याखाली विंचू हमखास येतो. मातीवर पांढरे, वाकडे आकडे दिसू लागले की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं. हिरव्याची वाट पाहायची नाही. आणि सकाळी तर काढायचंच नाही, तीन तासांत ऊन त्यांना भाजून काढतं. बहुतेक वेळा चौथ्या दिवशी हे आकडे दिसतात. पोतं काढल्यावर दुबेळक्या काठ्यांवर वीतभर उंच नारळाची दोन चुडतं, म्हणजे झावळ्या, आडवी ठेवावी. त्यांच्या पात्यांमधून ऊन चाळून पडतं. दोन दिवसांनी एक चुडत कमी, आणखी दोन दिवसांनी दुसरं.

इथपर्यंत आलात तर भाजी तुमची. पण मोर आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या वाड्यावर मोर इतके झालेत की सकाळी कोंबड्यांआधी तेच ओरडतात. 2016 साली त्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घालायची भाषा गोव्यात झाली होती, तेव्हा देशभर गदारोळ उठला. राष्ट्रीय पक्षी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं राखलेला. त्याला हात लावायचा प्रश्नच नाही, आणि लावू नये असं माझंही मत आहे. पण तो वाफ्यात उतरला की दहा मिनिटांत कोवळी रोपं खुडतो आणि नखांनी उरलेली उकरतो. कुंपणाचा उपयोग नाही, तो उडून येतो. चकचकीत सीडी टांगून पाहिल्या, चार दिवसांत सवय झाली. बुजगावण्याच्या हातावर तर भारद्वाज बसलेला मी पाहिला आहे.

मग मी नायलॉनचं जाळं आणलं, आणि ते करू नका म्हणूनच हा परिच्छेद लिहीत आहे. पातळ जाळं वाफ्यावर सैल पसरलं होतं. दुसऱ्या सकाळी त्यात पाच फुटांची धामण अडकली होती. पुढे सरकता सरकता तिनं जाळ्याचे चार-पाच डोळे अंगावर ओढून घेतले होते, आणि एक दोरा खवल्यांखाली पार रुतला होता. साप पकडणाऱ्या ओळखीच्या भाऊंना बोलावलं. त्यांनी तिचं डोकं धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक दोरा तोडत बसले. अर्धा तास लागला. सुटली, पण मधल्या भागावर पट्टाभर खवले निघाले होते. ही धामणच माझ्या परसातले उंदीर खाते. तेव्हापासून जमिनीवर सैल जाळं या घरात आलेलं नाही. मासळीचं जुनं जाळंही नको, त्याचा डोळा आणखी घात करतो.

मोरासाठी सुंभ पुरतो. वाफ्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर उंचीच्या खुंट्या ठोकायच्या आणि सुंभ फूटफूट अंतरानं आडवा-उभा ताणून बांधायचा. मोराला उतरायला पंखाएवढी मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की तो शेजाऱ्याकडे जातो. सुंभ ताठ हवा, लोंबता नको. खालून साप, बेडूक, मुंगूस सगळे बिनधास्त ये-जा करतात. सातभाईही आत शिरतील, शिरू द्या. ते पाचोळा उलटवतात तेव्हा किडे शोधत असतात, रोपं नव्हे.

पाण्याचं परळ ठेवायचं तर उथळ, मातीचं, मध्ये एक खडबडीत दगड घालून. माघ-फाल्गुनात पाखरं कोवळी पानं टोचतात त्यात बरीचशी तहान असते. पण परळ वाफ्याशेजारी ठेवू नका. पहिल्या वर्षी मी ठेवलं आणि बुलबुलांनी पाणी पिऊन झाल्यावर तोंडी लावायला भाजी घेतली. वीस पावलं दूर, मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावं. दर दोन दिवसांनी पाणी ओतून परळ घासावं, नाहीतर पाखरांआधी डास वाढतील.

माकडांचं काय, असं सगळे विचारतात. काही नाही. फटाके वाजवून ती एक दिवस जातात. माझ्याकडे ती काकडी नेतात, भेंडीचे शेंडे खुडतात, मिरचीला आणि हळदीला हात लावत नाहीत. म्हणून काकडीचे वेल मी घराच्या पडवीलगत, माणसांच्या वावरात चढवते आणि दूरच्या कोपऱ्यात मिरची लावते. तरी दहातल्या दोन काकड्या त्यांच्या.

वेलांना फुलं आली की फवारणीची बाटली कपाटात. काकडीची फुलं सकाळी उघडतात आणि सातेरी जातीच्या मधमाश्या त्यांवर येतात. दोडक्याची उघडतात तिन्हीसांजेला, त्यांचं काम पतंग करतात. म्हणजे सकाळी फवारा नको आणि संध्याकाळीही नको. कडुलिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून कधीही मारणारे आहेत. माशीला तो फरक कळत नाही. मावा दिसला तर पानाच्या मागून बोटानं पुसावा किंवा पाण्याची धार मारावी.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तांबडी भाजी वीतभर होते. दाट जागेतली आधी मुळासकट उपटावी, म्हणजे उरलेली पसरते. चार जाडजूड रोपं मात्र राखून ठेवावी, तुरा येऊ द्यावा. दोन तुऱ्यांना जुन्या मलमलीचा तुकडा सैल बांधावा, ते बी पुढच्या माघासाठी. उरलेल्या दोन तुऱ्यांवर मुनिया येतील, त्या येऊ द्याव्या. बांधलेला तुरा वाळला की सुपात चोळून बी पाखडावं, दोन दिवस सावलीत सुकवून, चिमूटभर राख घालून काचेच्या बाटलीत भरावं. बाटलीचं झाकण घट्ट लावा. मुंग्यांना तीही जागा ठाऊक असते.