स्पायनलला सोपं समजू नका : भूलशास्त्रात नव्याने आलेल्यांसाठी

भूलशास्त्रात सुरुवातीला दोनच गोष्टी वाटतात. एक तर हे आपल्याला झेपणारं नाही, नाहीतर यात आहे काय एवढं! दुसरं वाटणं जास्त घातक, आणि ते बहुधा स्पायनलपाशी, म्हणजे पाठीत सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करण्यापाशी, सुरू होतं. माझंही तिथेच झालं होतं.

जनरलची, म्हणजे पूर्ण भूल देण्याची, भीती वाटते ते बरंच आहे, कारण भीतीपोटी माणूस वाचतो. प्रोपोफॉल मेंदूतल्या गाबा रिसेप्टरमार्फत झोपवतं, फेंटानिल वेदना कमी करतं, व्हेक्युरोनियम स्नायू सैल करतं. एकाचं काम दुसरं करत नाही. निपचित पडलेला पेशंट आतून जागा असू शकतो, एवढं पक्कं बसलं की बाकीचं पुस्तकात आहे. लोकलचं, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं, औषध नसेत शिरून सोडियम चॅनल (संदेश पुढे नेणारी दारं) बंद करतं. पू झालेल्या जागी ते नीट चालत नाही, कारण आम्लामुळे त्याचा आत शिरू शकणारा भाग घटतो. हा प्रश्न व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, येतोच.

आता स्पायनल. कमरेच्या एल-३ आणि एल-४ मणक्यांच्या मधल्या फटीत सुई, सीएसएफचा (मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा) स्वच्छ थेंब, बधिर करणारं हेवी बुपिव्हाकेन आत. पेशंट जागा, गप्पा मारतोय, पाय जड झाले म्हणतोय. वाटतं, झालं काम! खरं काम इथून पुढे आहे.

बधिरपणा जिथपर्यंत पोचतो, त्याच्या किमान दोन पातळ्या वर सिंपथेटिक तंतू, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा, बंद पडलेले असतात. ते बारीक, म्हणून आधी बंद होतात आणि वरपर्यंत होतात. स्पिरिटचा बोळा बेंबीपर्यंत गार लागत नाही, म्हणजे टी-१० (छातीच्या दहाव्या नसेची पातळी; आकडा लहान तितकी पातळी वर) आलं, असं आपण लिहितो. पण रक्तवाहिन्या त्याच्याही वर सैल पडलेल्या असतात. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, बीपी घसरतं. ब्लॉक टी-१ ते टी-४ पर्यंत चढला तर हृदयाचा वेग वाढवणारे तंतूही गप्प, मग नाडीही मंदावते. सिझेरियनला टी-४ पर्यंत बधिरपणा हवाच असतो, शिवाय गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं. म्हणून पेशंटला डावीकडे कलवायचं विसरू नका.

हे सगळं मॉनिटरच्या आधी पेशंट सांगतो. कफ फुगतोय, आकडा यायचाय, आणि तो म्हणतो, “डॉक्टर, मळमळतंय.” जांभई देतो, चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी उलटीचं इंजेक्शन शोधत बसू नका, बीपी बघा. पहिली काही मिनिटं दर मिनिटाला कफ लावा. बीपी वर आणणारं फिनायलेफ्रिन सुई टोचण्याआधी भरून, लेबल लावून ठेवा. श्वासनलिकेत नळी घालायला लॅरिंगोस्कोप, ट्यूब, सक्शनही हाताशी हवं. आवाज बारीक झाला, हाताची पकड ढिली पडली, तर ब्लॉक मानेकडे निघालाय.

“तू स्पायनल टाक, मी आलोच” म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा दहा मिनिटं गप्प उभा राहून तुमच्याकडे बघणारा सीनियर शोधा. आणि पेशंटच्या उंचीवरून डोस सांगणाऱ्या मोबाइलमधल्या तक्त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

सुई हाडाला लागते म्हणून मात्र खचू नका. सगळ्यांचीच लागते. पाठ नीट वाकवून बसवली की अर्धी लढाई तिथेच जिंकता, आणि तो हात सरावाने येतो, हुशारीने नाही.

बीपी पडलं की टेबलाची डोक्याची बाजू खाली करायला हात शिवशिवतात. सुरुवातीच्या मिनिटांत ते करू नका. हेवी औषध सीएसएफपेक्षा जड असतं. उतार मिळाला की छातीकडे सरकतं. धड सपाट ठेवा, फक्त पाय उचला.