भट्टीचा गॅस बर्नर: रेग्युलेटर पिळण्याआधी या चुका टाळा

लोखंड तापवायच्या गॅस भट्टीची ज्योत पिवळी पडली की बहुतेक जण आधी रेग्युलेटर पिळतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष असतो जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, नाहीतर हवेत.

पाऊण इंची बर्नरला मिग वेल्डिंगची (तार आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंग) ०.८ मिमीची टिप जेट म्हणून चालते. भोसरीत वेल्डिंगच्या दुकानात सहज मिळते. ती नळीच्या मधोमध आणि सरळ हवी. जरा तिरकी बसली तरी ज्योत एका अंगाला कलते, मग हवा कमी-जास्त करणारा चोक कितीही फिरवा. गॅस जोडण्याआधी टिपमधून पाणी सोडून बघा. धार कडेला न लागता नळीतून सरळ बाहेर पडली पाहिजे. नंतर सगळं नीट वाळवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा ठेवा, कारण टेपचा एवढासा तुकडाही टिप चोंदवतो.

बर्नर बाहेर पेटवून जुळवण्यात अर्थ नाही. भट्टीत बसवा, आतली भिंत लाल होऊ द्या, मगच चोकला हात लावा. तोंडातून लांब पिवळी जीभ येत असेल तर हवा कमी आहे आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर. दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात. लोखंडावर भराभर खपली धरत असेल तर हवा जास्त झाली. ज्योत भक्कन नळीत शिरली तर आधी गॅस बंद. दाब फार कमी असतो, किंवा नळी तापलेली असते.

जुन्या बाजारातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्त पडतो, पण ज्योतीच्या तोंडाशी तो नकोच. जस्ताच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो. तिथे साधा एमएस (माइल्ड स्टील) किंवा स्टेनलेस वापरा. भट्टीच्या आतलं सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारं तंतूंचं अस्तर) उघडं ठेवू नका, त्यावर रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा, लेप द्या.

शेगडीच्या रेग्युलेटरवर भट्टी चालवायचा हट्ट सोडा. तो जेमतेम ३० मिलिबार देतो. इथे अर्ध्या बारच्या आसपास लागतो. गेजवाला हाय प्रेशर रेग्युलेटर घ्या, आणि सिलिंडर १९ किलोचा कमर्शियल. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं बेकायदा आहे. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी छोटा सिलिंडर थोड्याच वेळात गार पडतो, दाब उतरतो. तेव्हा कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा ठेवा. आडवा कधीच करू नका, द्रव गॅस थेट नळीत येतो.