रँबोची कविता आणि रँबोचे आयुष्य कोणत्या क्रमाने वाचावे?

आर्त्यूर रँबोची कविता हाती येण्याआधी बहुधा त्याची कहाणीच आपल्यापर्यंत पोहोचते : विशी उलटते न उलटते तोच कविता कायमची सोडणारा, पुढे आजच्या इथिओपियातल्या हरारमध्ये व्यापार करणारा आणि १८९१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, मार्सेय येथे मरण पावलेला फ्रेंच कवी. ही कहाणी इतकी वेधक आहे की कविता तिची नुसती पुरवणी होऊन बसते. त्यामुळे चरित्र आधी मिटून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

'धुंद नौका' ही चार-चार ओळींच्या २५ कडव्यांची कविता घ्यावी, ती दोनदा मोठ्याने वाचावी आणि तिच्यातला 'मी' कोण, एवढेच वहीत टिपावे. हा 'मी' कवी नसून खुद्द नौका आहे. खलाशी गमावलेली आणि नदीतून समुद्राकडे सुटलेली. त्यानंतर तारीख पाहावी. १८७१ मध्ये ही कविता लिहिणाऱ्या १६ वर्षांच्या रँबोने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच्या शार्लव्हिल गावी होती ती म्यूझ नदी. आपल्या नाशिककरांना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण दुतोंड्या मारुतीला वेढणारे गोदेचे पुराचे पाणी पाहताना ते पुढे कुठवर जात असेल, हा प्रश्न लहानपणी आपल्यालाही पडलेला असतो. आता शेवटून दुसऱ्या कडव्याकडे परत यावे. सगळे समुद्र पालथे घातल्यावर नौकेला हवे असते ते युरोपातले एक काळे, गार डबके, ज्याच्या काठी उकिडवे बसलेले उदास पोर फुलपाखरासारखी नाजूक होडी पाण्यात सोडते. चरित्राने इथे कवितेचा अर्थ सांगितलेला नाही, पण त्या डबक्याची खोली मात्र वाढवली आहे.

'नरकातला एक ऋतू' हे रँबोचे पुस्तक वाचताना तारखांकडे अधिक सावधपणे पाहावे. जुलै १८७३ मध्ये ब्रसेल्सला त्याचा कविमित्र व्हर्लेन याने रँबोवर गोळी झाडली, म्हणून हे सारे पुस्तक त्या जखमेतून आले असे मानण्याचा मोह होतो. परंतु पुस्तकाच्या अखेरीस एप्रिल ते ऑगस्ट १८७३ असा काळ नोंदवलेला आहे, म्हणजे लेखन गोळीच्या आधीच सुरू झाले होते. शिवाय 'मी म्हणजे कुणी दुसराच' असे त्याने मे १८७१ मधल्या पत्रांत लिहून ठेवले आहे. वहीच्या डाव्या पानावर कवितेतली ओळ आणि उजव्या पानावर आयुष्यातली घटना लिहावी, आणि जिथे जोड सापडत नाही तिथे उजवे पान कोरेच राहू द्यावे.